पान तीनची कॉलर

"अगं पोरी, हे अक्षर तुझं नाही म्हणजे काय? मग माझ्या आजीचं आहे का? सही कर आणि सरक बाजूला. मागं बघ जरा, रांगेचं शेपूट जिन्यापर्यंत गेलंय."

"काकू, पान एक माझं. पान दोन माझं. पान चार पण माझं. हे तीन नंबरचं पान मी लिहिलेलं नाही."

"शाई तीच आहे की."

"शाई तीच आहे, काकू. हात माझा नाही."

खिडकी नंबर तीनमागं बसलेल्या काकूंनी चष्मा कपाळावर ढकलला. एकोणीस वर्षांत ह्या खिडकीसमोर लोकांचं रडून झालं, भांडून झालं, एकाचं तर गजावर डोकं आपटून झालं. पण स्वतःचं अक्षर ओळखणारं माणूस पहिल्यांदाच उगवलं होतं. बाकीचे कुठं बघतात? बोट ठेवाल तिथं सही करतात आणि जिना उतरतात. ही मात्र कागद उजेडाला धरून बघत होती, चोखंदळ गिऱ्हाईक कापडाचं पोत बघतं तसा.

"आणि सात नंबरच्या प्रश्नाला मी 'हो' लिहिलं होतं," ती म्हणाली. "इथं 'नाही' आहे."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाई, कादंबरी घरी जाऊन वाचा हो!"

काकूंनी खिडकीची फळी खाडकन खाली ओढली. रांगेतून शिव्यांची एक लाट आली ती फळीवर आपटून परत गेली.

"दारानं आत ये," काकू फटीतून म्हणाल्या. "आणि आवाज बारीक ठेव. ही कचेरी आहे, बाजार नव्हे."

आता भानगड काय होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका पानापायी एवढा आरडाओरडा कशाला.

कुणा एका पैसेवाल्या माणसाला मरताना सुचलं, की जगात इंजिनियर रग्गड झाले, डॉक्टर रग्गड झाले, पण पोरांना सरळ वागायला शिकवणारा मास्तर तयार करायला कुणी दमडी काढत नाही. म्हणून त्यानं ठेव ठेवली. 'चारित्र्य आणि नागरिकत्व शिक्षण' ह्या विषयात पदवीच्या पुढचं शिकणाऱ्यांना दोन वर्षांची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च, दर साली सहा जणांना. सहा जागांवर शंभरावर अर्ज पडायचे. ते घ्यायचे, तपासायचे, प्रत्येक पानावर आवकेचा शिक्का ठोकायचा, गठ्ठा बांधून विश्वस्तांकडे धाडायचा, हे काकूंचं काम.

काकू ह्या कामावर आल्या त्या अडतिसाव्या वर्षी. त्याआधी नवऱ्याच्या शिंप्याच्या दुकानात काजं करायच्या, बटणं लावायच्या. मग म्हणाल्या, दुसऱ्याच्या छातीवर बटणं लावून माझ्या डोळ्यांचं पाणी गेलं, आता परीक्षा देते. त्या आणि त्यांची लेक एकाच साली परीक्षेला बसल्या. दोघी पास झाल्या. लेकीला अकरा मार्क जास्त पडले, ते ती अजून काढते.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक तरुण खिडकीशी आला होता. त्याचा अर्ज विश्वस्तांकडून परत आला होता, कारण 'मधले नाव' ह्या रकान्यात त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. त्याला मधलं नावच नव्हतं. नुसती एक आडवी रेघ मारायची ती मारली नाही, म्हणून गड्याचं वर्ष गेलं. तो भांडला असता तर काकूंना बरं वाटलं असतं. तो फक्त "बरं" म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून काकूंनी टेबलाच्या खणात चार पेनं ठेवली. एक निळं, एक गडद निळं, एक काळं आणि एक जरासं गळणारं, कारण अर्जदारांत गळकी पेनं वापरणारे पुष्कळ. अर्ज आला की काकू तो रेषेरेषेनं बघायच्या आणि जिथं कमी तिथं त्याच शाईनं भरायच्या. राहिलेली तारीख, सुटलेली मात्रा, आडवी रेघ. फारच गिचमीड असली तर अख्खं पान कोऱ्या अर्जावर उतरवून जुनं काढून टाकायच्या. सही चौथ्या पानावर असायची, त्यामुळं मधली पानं म्हणजे मोकळं रान. ह्याला कुणी लबाडी म्हटलं असतं तर काकूंनी त्याच्या तोंडावर फळी पाडली असती. शिवणीचा धागा लोंबत असेल तर दुकानदार तो दातानं तोडून मगच कापड हातात देतो, तसं हे. एकोणीस वर्षांत काकूंच्या खिडकीतून गेलेला एक अर्ज परत आला नव्हता.

आणि सातवा प्रश्न. 'आपणांस पूर्वी कधी लेखी समज, ताकीद अथवा शिस्तभंगाची नोटीस मिळाली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' तेव्हाचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे मोठे बाबू म्हणत, त्यांनी काकूंना पहिल्या दिवशी बजावलं होतं, "ह्याला 'हो' असलं की अर्ज मेला म्हणून समज." मोठ्या बाबूंचं सगळं खरं निघायचं. कुठल्या नळाला गार पाणी येतं, कुठला साहेब कधी डुलकी घेतो, सगळं. मग हे तरी खोटं कशाला निघेल? वर्षाला चारदोन भोळे सांब 'हो' लिहून यायचेच. काकू चुकचुकायच्या, पान बदलायच्या आणि 'नाही' लिहायच्या.

आजचा दिवस सह्यांचा. अर्जाची मुदत गेल्या शुक्रवारी संपली होती. आज अर्जदारांनी येऊन आपापला अर्ज बघायचा, 'वरील मजकूर माझाच आहे' म्हणून सही ठोकायची आणि दुपारी चारला गठ्ठा हलायचा.

आणि ही बया म्हणत होती, मजकूर माझा नाही.

ती बया म्हणजे प्राथमिक शाळेची मास्तरीण. बत्तीस वर्षांची असेल. बिनपगारी रजा टाकून शिकायला आलेली. दोन सत्रं साठवणीतल्या पैशांवर काढली, आता खडखडाट. शिष्यवृत्ती मिळाली तर शिकायचं, नाही मिळाली तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेला परत त्याच शाळेत, त्याच हेडमास्तरच्या हाताखाली.

"आणि ज्यानं मला लेखी समज दिली तो हाच हेडमास्तर," ती काकूंच्या टेबलाशी स्टुलावर बसून म्हणाली.

"काय उजेड पाडला होतास?"

"बेरीज चुकले. वार्षिक परीक्षेची. एक मुलगी पास होती, मी नापास लावली. महिन्यानं माझ्या लक्षात आलं. पालकसभा होती, तिथं उभी राहिले आणि सांगितलं."

"सभेत?" काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं, हळूच दप्तरात मार्क वाढवायचे, घरी निरोप धाडायचा, विषय संपला. गावभर दवंडी कशाला? ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!"

"ती सगळ्यांदेखत नापास झाली होती ना काकू? मग पासही सगळ्यांदेखतच व्हायला पाहिजे."



"हेडमास्तर म्हणाले, शाळेची बदनामी केलीस. लेखी समज दिली. आणि मी शिकतेय ते तेच, मास्तरनं स्वतःची चूक वर्गापुढं कबूल केली तर पोरं काय शिकतात. माझा सगळा अभ्यास त्याच्यावर उभा आहे. आणि अर्जातच 'नाही' लिहू?"

"तू नाही लिहिलंस, मी लिहिलं! तुझ्या भल्यासाठी लिहिलं! झाकली मूठ ठेवायला शिका गं जरा." काकूंचा आवाज चढला, मग त्यांनाच भान आलं. शेजारच्या खिडकीवरचा कारकून नाणी मोजायचा थांबला होता. "हे बघ. शहाण्यासारखी सही कर. तुझी शिष्यवृत्ती तुला, माझं डोकं मला."

"नाही करणार."

"मग अर्ज बाद!"

"मग माझा खरा अर्ज द्या. तीन नंबरचं पान द्या माझं."

असा सगळा वैताग. काकूंची निवृत्ती अकरा महिन्यांवर आलेली. त्यांच्या फायलीला आजवर डाग नाही. आणि ही एक पोरगी, जिच्यावर त्यांनी उपकार केला, तीच मानगुटीवर बसलेली. भल्याची दुनिया नाही म्हणतात ते उगीच नव्हे, असं पुटपुटत काकू तिला घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेल्या.

केबिनमध्ये बसायचे ते साहेब. त्यांना मागून सगळे इस्त्रीसाहेब म्हणत. कुठं म्हणून सुरकुती खपायची नाही, शर्टाला नाही आणि फायलीला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत असे आक्रसले, की जणू कुणी त्यांच्यावर चहा सांडला.

"काकू, हे तुम्ही नेहमी करता?"

"उपयोगाचं असेल तिथं करते."

"किती वर्षं?"

"तुम्ही शाळेत असाल तेव्हापासून."

साहेबांनी खणातून एक गुळगुळीत पुस्तिका काढली. विश्वस्तांचा वार्षिक अहवाल. दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की गेल्या एकोणीस वर्षांत ह्या शिष्यवृत्तीच्या एकाही अर्जदारास कधी लेखी समजसुद्धा मिळालेली नाही, ही आमच्या निवडीची आणि ह्या विषयाच्या तेजाची साक्ष आहे.

"अध्यक्षबाई दर वर्षी भाषणात हे वाक्य वाचतात," साहेब क्षीण आवाजात म्हणाले. "टाळ्या पडतात."

मास्तरीण अहवालाकडं बघत राहिली. मग काकूंकडं. काकू छताच्या पंख्याकडं बघायला लागल्या. एकोणीस वर्षांचं तेज त्यांच्या खणातल्या चार पेनांतून उतरलं होतं, त्यातलं एक तर गळकं.

"साहेब, नियमाचं पुस्तक कुठंय?" मास्तरणीनं विचारलं. "'हो' लिहिलं तर अर्ज बाद होतो, असं कुठं लिहिलंय?"

"असणारच की," काकू म्हणाल्या. "मोठे बाबू सांगायचे."

पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर, पाणी गळायचं तिथं बादलीखाली सापडलं. साहेबांनी रुमालानं पुसलं. पानं एकमेकांना चिकटलेली. नियम सतरा. साहेबांनी वाचला, मग परत वाचला आणि पुस्तक काकूंपुढं सरकवलं. 'प्रश्न सातखाली दिलेला तपशील विश्वस्त विचारात घेतील. केवळ उत्तर होकारार्थी आहे ह्या कारणास्तव अर्ज फेटाळला जाणार नाही.'

काकूंनी चष्मा पुसला, परत वाचलं. अक्षरं तीच राहिली.

त्यांच्या डोक्यात एकदम राग भडकला, पण तो नेमका कुणावर काढावा ते कळेना. मोठे बाबू वर जाऊन बारा वर्षं झालेली. आणि आपण? एकोणीस वर्षांत एकदा तरी वरच्या फळीला हात लावला का? 'हो' लिहिणाऱ्यांचं विश्वस्त काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण एकही 'हो' काकूंनी दाराबाहेर जाऊच दिला नव्हता.

"मेल्या म्हाताऱ्या," त्या मोठ्या बाबूंना उद्देशून म्हणाल्या. साहेब दचकले.

"झालं ते झालं," साहेब म्हणाले. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. साडेबारा. "ह्यांनी आत्ता इथं नवीन पान तीन लिहावं. 'हो' घालावं. तुम्ही शिक्क्याची चाकं मागं फिरवा, शुक्रवारची तारीख मारा. कुणाला कळणार नाही. मुदतीनंतरच्या तारखेचं पान चालत नाही, आणि जुनं शोधत बसायला वेळ नाही. आणि लेखी काही केलं तर काकू, मला तुम्हाला समज द्यावी लागेल. अकरा महिने राहिलेत तुमचे."

काकूंना ते पटलं. खरं सांगायचं तर मनापासून पटलं. शिक्क्याची चाकं अंगठ्यानं मागं फिरवायची, हे काम त्यांना श्वास घेण्याइतकं सोपं. त्यांनी मास्तरणीकडं बघितलं, की आता तरी हो म्हण बाई.

मास्तरीण उठली. "म्हणजे 'मी चूक कबूल केली' असं सांगणाऱ्या कागदावर खोटा शिक्का," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, कंटाळून म्हणाली. रात्रभर पोरांच्या वह्या तपासल्यावर माणूस बोलतं तसं. "राहू दे, साहेब. मी एक तारखेला शाळेत जाते."

आणि "बरं" म्हणाली.

तो शब्द काकूंच्या कानाला चटका लावून गेला. एकोणीस वर्षांपूर्वी त्या बिनमधल्या नावाच्या तरुणानं म्हटला होता, अगदी त्याच सुरात.

"बस खाली!" काकू खेकसल्या. "कुठं निघाली मोठी! साहेब, मूळ पान आणलं तर? शुक्रवारच्या खऱ्या शिक्क्याचं? आणि मी लिहून दिलं, की बदललं मी, पोरीचा दोष नाही, तर जाईल का अर्ज?"

"जाईल," साहेब म्हणाले. "पण काकू, तुमची फाईल..."

"माझी फाईल काय लग्नाला उभी आहे? चल गं."

जिना उतरताना मास्तरणीनं विचारलं, "पान कुठं आहे?"

काकूंनी उत्तर द्यायला एक मजला घेतला. "आमच्या ह्यांच्या दुकानात."

कचेरीची रद्दी काकू फेकत नसत. बदललेली पानं चांगल्या जाड कागदाची, ती दर शुक्रवारी नवऱ्याला नेऊन द्यायच्या. रस्ता ओलांडला की समोरच त्यांचं दुकान. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी साचे. शिंपी गळ्यात टेप अडकवून एका शर्टाच्या बाहीशी झगडत होते.

"अहो, शुक्रवारची रद्दी कुठंय?"

"कुठली?"

"मी दिली ती! जाड पानं! शाई निळी!"

"ती होय!" शिंप्यांचा चेहरा खुलला. "झकास कागद. अजून आहे का तसला?"

"कुठंय तो?"

शिंप्यांनी तिसऱ्या खिळ्यावरून एक साचा काढला. वाकडा, लांबट, दोन्ही टोकांना अणकुचीदार. "कॉलर केली त्याची. पंधरा नंबर."

मास्तरणीनं ती कॉलर हातात घेतली. तिचंच अक्षर होतं. तिनं वाकड्या ओळीतून वाचलं, "'...बेरजेत माझी चूक झाली होती. मी ती पालकसभेत...' आणि पुढचं कापलंय."

"पुढचं कफला गेलं," शिंपी म्हणाले आणि दुसऱ्या खिळ्याकडं गेले.

कफवर 'सांगितली. त्याबद्दल मला लेखी समज' एवढं होतं. शिक्का मात्र अर्धाच, कॉलरच्या टोकाला. तारखेतला महिना दिसत होता, दिवस नव्हता. दिवस असलेला तुकडा चिंध्यांच्या पिशवीत असणार. काकूंनी ती पिशवी टेबलावर पालथी केली. रंगीबेरंगी कात्रणं, दोऱ्यांची गुंतवळ, एक तुटकी सुई, आणि घटकाभर शोधल्यावर नखाएवढा कागद.

"सापडला!"

"तो नको घेऊस," शिंपी म्हणाले, "त्यावर मी एकाची छाती लिहून ठेवलीय."

"तुमची छाती ठेवा बाजूला! पोरीचं वर्ष अडकलंय इथं!"

मग काकूंनी, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. शिंप्यांनी बाही बाजूला ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाले, "चुकीची शिवण दोन तऱ्हांनी मिटते. उसवायची, नाहीतर गिऱ्हाइकाला सांगायचं. तिसरी तऱ्हा वरून इस्त्री फिरवायची. ती पहिल्या धुण्यापर्यंत टिकते."

"तुमचं शहाणपण नंतर. चिकटपट्टी द्या."

"देतो. पण आधी साचा दुसऱ्या कागदावर उतरवून घेऊ दे. ह्या कॉलरचं वळण फार बरं साधलंय."

"अहो, चारला गठ्ठा जायचाय!"

"म्हणून तर घाई करतोय." आणि त्यांनी खरोखरच खडू काढला, कॉलर आखली, मग कफ आखला, मग कफ पुसून परत आखला कारण मास्तरणीचा हात मध्ये आला. काकूंनी भिंतीला डोकं टेकलं. अख्ख्या जगात सगळं वेळेवर करणारी माणसं असतात म्हणे. ती कुणाच्या नशिबात असतात कोण जाणे.

सव्वादोनला ती कॉलर, तो कफ आणि तो नखाएवढा तुकडा असं सगळं एका कोऱ्या कागदावर चिकटवून काकू केबिनमध्ये उभ्या होत्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"पान तीन."

"ही कॉलर आहे."

"पान तीनची कॉलर आहे. शिक्का बघा. शुक्रवार. पूर्ण."

साहेबांनी बोटानं एक टोक दाबून बघितलं. सुरकुती पडली होती, ती दाबून जाईना.  मग म्हणाले, "तुमचं लेखी?"

काकूंनी आपल्या टेबलाच्या खणातलं काळं पेन आणलं, स्वतःच्या शाईचं, आणि लिहिलं. 'पान तीन मी बदलले. अर्जदारास माहीत नव्हते. मूळ पान सोबत जोडले आहे. त्याची कॉलर माझ्या यजमानांनी कापली, त्यांनाही माहीत नव्हते. मागील अर्जांतही मी अशी पाने बदलली आहेत.'

"शेवटचं वाक्य कशाला?" साहेब कळवळले. "ते कुणी विचारलंय?"

"आता उसवायला घेतलंच आहे तर निम्मी शिवण कशाला ठेवायची?" काकू म्हणाल्या, आणि आपण नवऱ्याचं वाक्य बोललो हे ध्यानात येऊन जास्तच चिडल्या.

मग समज द्यायची. आता त्या कचेरीत समज टाईप करायचं काम कुणाचं? काकूंचंच. साहेबांनी सांगायला सुरुवात केली, "आपणांस कळविण्यात येते की आपल्या हातून घडलेल्या..." आणि अडकले. "गैरवर्तनाबद्दल म्हणू?"

"'अनियमिततेबद्दल' म्हणा. गैरवर्तन म्हटलं की चौकशी लागते, तीन प्रती लागतात. मला चारच्या आत गठ्ठा बांधायचाय."

"बरं. 'अनियमिततेबद्दल आपणांस सक्त समज देण्यात येत आहे.'"

"'सक्त' शब्द ताकिदीला लावतात, समजेला नाही."

"मग नुसतं 'समज' लिहा."

काकूंनी स्वतःला दिलेली समज टाईप केली, त्यावर साहेबांची सही घेतली, जावक नंबर टाकला, मग स्वतःच आवक म्हणून घेतली, तारखेची चाकं तपासली, आजचीच होती, ठप्पकन शिक्का मारला आणि 'पोहोच मिळाली' म्हणून सही केली. मास्तरीण स्टुलावर बसून हे बघत होती. तिच्या तोंडावर हसू होतं का रडू, ते तिचं तिलाच ठाऊक.

"आता काकू," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं तर सातव्या प्रश्नाला तुमचं पण 'हो'."

"तू गप बस," काकू म्हणाल्या. "सही कर त्या अर्जावर. मजकूर तुझाच आहे ना आता? कॉलरसकट?"

तिनं सही केली. बाकीच्यांच्या सह्या शेजारच्या खिडकीवरच्या कारकुनानं उरकल्या होत्या. चारला पाच मिनिटं असताना गठ्ठा गेला.

पुढं त्या पोरीचं काय झालं, ते सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला. तिला मुलाखतीला बोलावलं. अध्यक्षबाईंनी चाळीस मिनिटं दुसरं काही विचारलं नाही, त्या एका बेरजेचंच पुसलं. त्या मुलीला काय वाटलं, हेडमास्तर काय म्हणाले, बाकीचे पालक काय म्हणाले. शिष्यवृत्ती मिळाली. पण दोनऐवजी एकच वर्षाची, दुसऱ्या वर्षासाठी नव्यानं अर्ज करावा म्हणून. कारण काय दिलं? 'अर्जाचे पान क्रमांक तीन जीर्ण अवस्थेत आढळले.' काकूंनी ते पत्र वाचलं तेव्हा त्यांनी जे शब्द काढले, ते इथं लिहिण्याजोगे नाहीत. अहवालातलं ते ठळक वाक्य मात्र पुढच्या साली छापलं नाही. त्या जागी इमारतीचा फोटो आला.

पण त्या दुपारी ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गठ्ठा गेला तसा मास्तरणीनं पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. काकू आपल्या खुर्चीत येऊन टेकल्या. डबा तसाच राहिलेला. पाय दुखत होते, डोकं ठणकत होतं, आणि टेबलावर आयुष्यातली पहिली समज पडली होती, तिचं काय करावं ते कळेना. त्यांनी ती घडी घालून खणात पेनांखाली सरकवली. मग पुन्हा काढली आणि फायलीला लावली, जिथं लावायची असते तिथं.

बाहेरून फळीवर टकटक झाली.

"ओ काकू! दुसऱ्या शिष्यवृत्तीचे अर्ज घेणार आहात का आज? दोन तास झाले!"

काकूंनी फळी वर ढकलली. बाहेर एक घामेजलेला विद्यार्थी, अर्ज हातात. त्यांनी तो ओढला, रेषेरेषेनं बघितला. पत्त्याच्या ओळीत पिन कोड नाही. मागच्या पानावर तारीख नाही. शाई गडद निळी. त्यांचा हात आपोआप खणाकडं गेला, दुसरं पेन बोटांत आलंसुद्धा.

त्यांनी ते पेन अर्जावर ठेवलं आणि दोन्ही खिडकीबाहेर सरकवलं.

"पिन कोड घाल. तारीख घाल. स्वतःच्या हातानं. आणि पेन परत दे, ढापू नकोस," काकू म्हणाल्या. "पुढचा कोण आहे?"